बर्फापासून मोजलेली उंची

रोझिल्डा दॅगलला सेंत-ओलीव्हमध्ये सगळे मातांत म्हणत, म्हणजे आमच्या फ्रेंचमध्ये मावशी. ती खरी मावशी फार थोड्यांची. पण बटाट्याच्या वखारीत सत्तावीस वर्षं निवडीच्या पट्ट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची गावात कोणाची छाती नव्हती. पट्टा समोरून धावायचा, आणि हिरवा पडलेला, कुजका, यंत्राने चिरलेला एकही बटाटा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. माणसांच्या बाबतीतही तिचं तसंच होतं असं लोक म्हणत. ज्यांना तिने बाजूला काढलं होतं ते जरा जास्तच म्हणत.

तिच्या सहासष्टाव्या वर्षी हिवाळा असा आला की जुन्या माणसांनीही हात टेकले. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पडलेलं बर्फ एप्रिल अर्धा सरला तरी हललं नाही. मार्चमध्ये एका सकाळी तिने बर्फावर चालायचे जाळीचे जोडे पायांना बांधले आणि नदीमागच्या सीडरच्या दलदलीत गेली. हिवाळ्यात हरणं तिथेच दाटीने राहतात. वर झाडांचं छप्पर, खाली त्यांनीच तुडवून केलेल्या वाटा. त्या वाटांवर तिला मेलेली हरणं दिसली. पहिलं दिसलं तेव्हा ती थांबली, पाचवं दिसलं तेव्हा मोजायला लागली, आणि एकोणिसाव्यापाशी बर्फातच बसली. बहुतेक सगळी आदल्या वसंतातली पाडसं. आयांच्या तोंडाला पोचत होत्या त्या फांद्या आयांनी खाल्ल्या होत्या, आणि पिल्लांच्या उंचीला काही उरलंच नव्हतं.

रोझिल्डा रडली. तिचा नवरा फर्नां दर नोव्हेंबरात एक हरीण आणायचा, आणि त्या एका हरणावर पाच पोरं वसंतापर्यंत जेवायची. बटाट्याला भाव नसायचा त्या वर्षी तर नुसतं हरीण आणि प्लॉय, म्हणजे आमची कुट्टूची धिरडी. फर्नां गेला, पोरं दक्षिणेला कनेटिकटला गेली, आणि ती मात्र इथे त्या एकोणीस जणांसमोर बसली होती.

"चाळीस वर्षं खाल्लं तुम्हाला," ती मोठ्याने म्हणाली, "आणि एकदासुद्धा काही वाढलं नाही."

परतताना तिने जुन्या रेल्वेची वाट धरली. रूळ केव्हाच उखडून नेले होते, पण कडेला सफरचंदाचं एक रानटी झाड उभं होतं. कधी काळी कोणीतरी आगगाडीच्या खिडकीतून टाकलेल्या चोथ्यातून उगवलेलं. फळ लिंबाएवढं, आणि ताजं खाल्लं तर कानशिलं ठणकतील इतकं आंबट, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मार्च महिना, उणे वीसची थंडी, आणि त्या झाडावर अजून फळं होती. तपकिरी, सुरकुतलेली, पण देठाला घट्ट धरून. वारा आला की दोन-चार पडत. खाली बर्फ तुडवून तुडवून दगडासारखं झालं होतं, आणि तिथून तीन हरणं उठून पळाली. तीन जिवंत हरणं.

सगळी सफरचंदं सप्टेंबर-ऑक्टोबरात गळतात, तेव्हा रानात खायला बाकी सगळं असतंच. हे झाड भुकेच्या दिवसांत वाढत होतं. घरी येईपर्यंत रोझिल्डाचं ठरलं होतं. ह्याची झाडं करायची, आणि दलदलीच्या काठाने लावायची. बिया लावून उपयोग नव्हता. सफरचंदाची बी आईवर जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कलमच करायला हवं होतं.

त्या वसंतात घाई झाली. कुठल्याशा कॅटलॉगमधून तिने कलम बांधायला मुळांसकट अकरा खुंट मागवले, मिळाले ते, निम्म्या उंचीच्या झाडाचे. सगळे बांधतात तशीच कलमं घोट्याएवढ्या उंचीवर बांधली. अकराच्या अकरा जगली. ऑक्टोबरात तिने प्रत्येक बुंध्याभोवती दोन फूट उंच तारेची जाळी गुंडाळली, उंदरांनी साल खाऊ नये म्हणून, आणि निश्चिंत झाली.

मेमध्ये बर्फ उतरलं तेव्हा जाळ्या जशाच्या तशा होत्या. त्यांच्या वर, तिच्या छातीच्या उंचीला, प्रत्येक खोडाची साल गोल सोलून निघाली होती, आणि शेंडे तिरप्या सुरीने कापल्यासारखे उडाले होते. अकराही झाडं मेलेली.

गावच्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष लेव्हीत वेलेट, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, ट्रक थांबवून बघायला उतरला.

"काय झालं मातांत? मूसने खाल्ली का?"

"सशाने. घोड्याएवढा मूस फांदी फाडतो, ससा कापतो. दात बघ."

"छातीएवढ्या उंचीवर? आपले ससे उडायला कधी लागले?"

"उडायला कशाला लागतायत! चार फूट बर्फावरून चालत आले, आणि समोर ताट मांडलेलं." रोझिल्डाने हातातली जाळी खाली फेकली. "ह्या खोऱ्यात जन्मले मी, लेव्हीत. सदुसष्ट हिवाळे पाहिले. आणि जाळी जमिनीपासून मोजली!"

चूक अशी की ती आमच्याकडेच होणार. जाळ्या ऑक्टोबरात बांधायच्या, तेव्हा बर्फ नसतं, आणि माणूस पायाखाली जे दिसतं त्यावरून मोजतो. फक्त रोझिल्डाने ती चूक हवामानाच्या माथी मारली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने परसात दहा फुटी खांब ठोकला आणि त्यावर फुटांच्या खुणा केल्या.

त्याच महिन्यात मंडळाच्या सूचनाफलकावर कागद लागला. जुनी रेल्वेवाट बर्फावरच्या स्नोमोबाइल गाड्यांसाठी रुंद होणार, कडेची झाडं शरदात तोडणार. रोझिल्डाने जाऊन विचारलं. एक रानटी सफरचंद वगळायला तिथे कोणी तयार नव्हतं, आणि तिने तीनदा विचारल्यावर तर ते हसायलाच लागले. म्हणजे आता झाड जाणार, आणि त्याच्यापासून केलेली अकरा पोरं तर गेलीच होती. जे काही वाचवायचं ते ह्याच वर्षी, आणि ह्या वेळी चुकलं तर पुन्हा कलमाची काडी आणायला झाडच उरणार नव्हतं.

मार्चमध्येच तिने पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काही जास्तीच्या काड्या कापून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बटाट्याच्या तळघरात ठेवल्या होत्या. त्या तिने घरापुढच्या शोभेच्या सफरचंदावर बांधल्या. न्हाणीचा अर्धा टब उभा पुरून केलेल्या कोनाड्यात तिची माता मेरी उभी आहे, तिच्या शेजारचंच ते झाड. सहा डोळे फुटले. आता निदान काडी घरात होती, आणि कलम कशावर करायचं ते ठरवायला वेळ होता.

तीन कॅटलॉग स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून ती लाल पेन्सिल घेऊन बसली. पट्ट्यापाशी उभी राहायची तशीच. पहिल्या पानावर बुटका खुंट, तीन वर्षांत फळ, शेजारी शिंगाळ्या नर हरणाचा फोटो. फुली. बुटक्याची मुळं ठिसूळ, आयुष्यभर काठीचा आधार लागतो, आणि रानात काठी बदलायला कोण जाणार? पुढचा खुंट जमीन घट्ट धरणारा, पण उणे तीसपर्यंतचा. फुली. आमच्याकडे उणे चाळीस दोन-चार वर्षांतून एकदा येतंच. तिसरा थंडीला चांगला, पण झाड निम्म्या उंचीचं. फांद्या बर्फातच सुरू होणार, म्हणजे पुन्हा सशांची पंगत. फुली. होता होता एकच राहिलं. अँटोनोव्हका, रशियातलं, बीपासून वाढवलेलं रोप. मूळ खोल जातं, उणे चाळीसला दाद देत नाही, झाड पूर्ण उंचीचं होतं. आणि खाली बारीक अक्षरांत, फळ यायला आठ ते बारा वर्षं.

तिने बारामध्ये सदुसष्ट मिळवले आणि पेन्सिल खाली ठेवली. मग उठून चहा केला. चहा पिऊन झाल्यावर एकोणीस रोपांची मागणी लिहिली. एकोणीसच का, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

जागा मंडळाचीच होती, दलदलीला लागून असलेलं पडीक वावर. त्यामुळे सभेत बोलावं लागलं. चर्चच्या तळघरात घेवड्याचं जेवण आटोपलं आणि लेव्हीतने मंडळाचा बेत मांडला. साठ झाडं, बुटक्या खुंटावरची, रस्त्याच्या बाजूने. तीन वर्षांत फळ, ऑक्टोबरात सडा, नोव्हेंबरात हरणं.

"आणि डिसेंबरात?" रोझिल्डाने विचारलं.

"डिसेंबरात हंगाम संपतो, मातांत."

"तुमचा संपतो. त्यांचा सुरू होतो. तुम्हाला हरीण नोव्हेंबरात हवंय, मला मार्चमध्ये हवंय."

कोणीतरी खाकरलं. ह्या खोलीत हरीण न मारलेलं कोणी नव्हतं, रोझिल्डासकट, आणि दलदलीतला तो हिवाळा सगळ्यांनाच आठवत होता. लेव्हीतने हसण्यावारी नेलं.

"बरं, तुझा बेत सांग."

"मागचा पट्टा द्या, दलदलीकाठचा. एकोणीस झाडं. आधी नुसते खुंट वाढवायचे, सरळ, एका खोडाने. साडेसहा फुटांवर पोचले की तिथे कलम करायचं."

"साडेसहा फुटांवर? मातांत, हरणं आहेत ती, जिराफ नाहीत! वर फळं टांगून खाली शिडी ठेवणार का त्यांना?"

सगळं तळघर हसलं. आतापर्यंत तिची बाजू घेणारेसुद्धा.

"गेल्या हिवाळ्यात बर्फ माझ्या खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं, परसातल्या खांबाशी लावून पाहिलं, साडेचार फूट. त्यावर ससा मागच्या पायांवर उभा राहिला की पावणेदोन. झाले सव्वासहा. सशाच्या तोंडाच्या वर कलम, आणि खोडाला जमिनीपासून तिथवर जाळी. फळं वाऱ्याने पडतील, आईची पडतात तशी. शिडीचं तुझं तू बघ."

"आणि फळ कधी?"

"दहा वर्षांनी."

ह्यावर कोणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिच्या तोंडाकडे पाहून लोकांनी मनातल्या मनात बेरीज केली होती. मागचा पट्टा तसाही कोणाला नको होता. हात वर झाले, पट्टा मिळाला.

शरदात यंत्र आलं आणि रेल्वेकाठचं झाड पाडलं. रोझिल्डा बघायला गेली नाही. घरीच राहून कोंबडीचा रस्सा केला, आणि सारखी खिडकीतून मेरीशेजारच्या त्या सहा फुटव्यांकडे बघत राहिली.

पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण ती सगळी सारखीच गेली. मेमध्ये गवत काढायचं. जूनमध्ये खोडावरचे बाजूचे फुटवे खुडायचे. ऑक्टोबरात जाळी वाढवायची, आणि ऑक्टोबरात जाऊन ती बर्फापासून मोजायची, म्हणजे दहा फुटी काठी घेऊन जायची आणि बर्फ इथवर आहे असं समजून काम करायचं. दोन रोपं उंदरांनी खाल्ली, एक अस्वलाने अंग घासून मोडलं. तिने तिथे नवी लावली. गुडघा दुखायला लागला तेव्हा बर्फावरच्या जोड्यांबरोबर दोन काठ्या घेऊ लागली. कनेटिकटहून मुलगी फोन करायची, "ममां, इकडे ये, इथे हिवाळा सोपा आहे," आणि रोझिल्डा म्हणायची, "झाडांना सांगून बघते."

लेव्हीतच्या झाडांना खरंच तिसऱ्या वर्षी फळ आलं. लाल, देखणी, आणि ऑक्टोबरात खाली सडा. त्या नोव्हेंबरात मंडळाच्या चार जणांना नर मिळाले. लेव्हीतने फोटो सूचनाफलकावर लावला आणि रोझिल्डा दिसली की म्हणायचा, "काय मातांत, तुझ्या काठ्या कशा आहेत?" त्या खरोखरच काठ्याच होत्या, एकोणीस, सात-सात फूट, वर पानांचा झुबका. रोझिल्डा म्हणायची, "उभ्या आहेत." पण घरी आल्यावर ती कॅटलॉग काढून तीच बारीक अक्षरं पुन्हा वाचायची. हे मला तिनेच नंतर सांगितलं. म्हणाली, तेव्हा वाटायचं की सगळं पाण्यात गेलं, फक्त तसं म्हणून दाखवायचं नव्हतं.

एकाहत्तराव्या वर्षी, मेमध्ये, सफरचंदाच्या कळ्या उंदराच्या कानाएवढ्या झाल्या तेव्हा तिने घडीची शिडी नेली. मेरीशेजारच्या झाडावरून कापून तळघरात ठेवलेल्या काड्या घेतल्या. प्रत्येक खुंट साडेसहा फुटांवर आडवा कापायचा, चिरायचा, काडीला पाचर करून आत बसवायची, सालीला साल जुळवायची, पट्टी, वर मेण. चार वर्षं वाढवलेला शेंडा पहिल्यांदा कापताना कोणीही दोनदा मोजतं. तिने एकदाच मोजलं. तीन दिवसांत एकोणीस झाली. सतरा जगली.

त्यानंतरचे हिवाळे एकेक करून लेव्हीतच्या झाडांवर उठले. बुटक्या झाडांच्या सगळ्या फांद्या बर्फाच्या पातळीत, त्यामुळे सशांनी त्या कुरतडल्या आणि हरणांनी शेंडे संपवले. जी वाचली ती ओल्या बर्फाच्या ओझ्याने मुळासकट कलली. साठातली नऊ उरली, आणि त्यांना कोणी काठी लावायला गेलं नाही. फोटो फलकावरून कधी निघाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. रोझिल्डाने त्यावरून लेव्हीतला एकदाही टोमणा मारला नाही. तिने मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

पंचाहत्तराव्या वर्षी सतरांपैकी तीन झाडांवर फळं धरली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चौदांवर, आणि त्याच वर्षी हिवाळा पुन्हा तसाच आला.

जानेवारीपर्यंत परसातल्या खांबावर बर्फ चार फुटांच्या वर गेलं. रोज थोडं पडत होतं, आणि रोझिल्डाला खिडकीपाशी एकच काळजी कुरतडत होती. फळं वाऱ्याने पडतील, असं ती छातीठोकपणे बोलली होती. पण पडलेलं फळ रात्रभरात फूटभर नव्या बर्फाखाली गाडलं जात असेल तर? अशक्त हरीण किती उकरणार? दहा वर्षं खोडांचा आणि सशांचा विचार केला, आणि शेवटी वाढलेलं ताटच गाडलं गेलं, असं तर होणार नाही ना? आणि जाऊन बघायचं तर गुडघा नाही म्हणत होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं, बर्फ वरून वितळलं आणि परत गोठलं. सकाळी लेव्हीत स्नोमोबाइल घेऊन दारात.

"चल, मातांत. दलदलीत हरणं मोजायला चाललोय. तू नसलीस तर मी चुकीचं मोजेन."

"तू मोजलेलं मी कधी खरं धरलंय?" ती म्हणाली, आणि टोपी घालायला लागली.

वावराच्या कडेला त्याने यंत्र बंद केलं. पुढे त्याच्या दंडाला धरून ती चालली. बर्फ कडक झालेलं, दोघांचं वजन सहज पेलणारं. झाडीच्या आडून मागचा पट्टा दिसला आणि लेव्हीत एकदम थांबला.

हरणं होती. सात. झाडांखाली नव्हे, झाडांत. कडक बर्फावर, जमिनीपासून साडेचार फूट वर उभी राहून, माना थोड्या उंचावून ती फांद्यांवरची सुरकुतलेली सफरचंदं देठासकट तोडून खात होती. मधल्या झाडापाशी एक मादी, आणि तिच्या पोटाशी आदल्या वसंतातली दोन पिल्लं. त्यातल्या धाकट्याची हाडं दिसत होती, पण तेही मान वर करून खात होतं. त्याच्याही तोंडाला फांदी पोचत होती.

लेव्हीतने तिच्या कानाशी तोंड नेलं. "तू हे आधीच धरलं होतंस? बर्फ जितकं चढेल तितकी ती वर येणार, म्हणून?"

रोझिल्डाचे डोळे वाहत होते, आणि ती पुसत नव्हती.

"नाही रे," ती म्हणाली. "देवाशपथ नाही. मी फक्त सशांचं मोजलं होतं."

मग वाऱ्याने त्यांचा वास नेला असावा. हरणं उड्या मारत सीडरमध्ये गेली. धाकटं सगळ्यांत शेवटी, तोंडात फळ तसंच. लेव्हीत झाडापाशी गेला, तुटक्या डहाळ्या बघितल्या, बर्फावर उरलेली दोन फूट जाळी हाताने चाचपली, आणि टोपी काढून पुन्हा घातली.

"मातांत, तळघरात काड्या आहेत का?"

"कशाला?"

"पुढच्या बाजूला एक्कावन्न खड्डे रिकामे आहेत." तो तिच्याकडे बघत नव्हता. "अँटोनोव्हका म्हणालीस ना तू? दहा वर्षं म्हणालीस."

"दहा. तू तेव्हा त्र्याहत्तरचा होशील."

"होईन."

रोझिल्डाने हात वर केला. कलम करताना जिथे पोचायला शिडी लागली होती तिथल्या फांदीवरचं एक फळ तिने उभ्या उभ्या तोडलं, दातांनी अर्धं केलं आणि दुसरं अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

"घे. आणि तू शिडीचं विचारलं होतंस ना त्या सभेत?" तिने टाच बर्फावर दोनदा आपटली. "ही बघ."